संगीत-सॉफ्टवेअरमधील टाइमकोडचे वाचन व समकालन : एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

ध्वनी एका यंत्रावर व चित्र दुसऱ्या यंत्रावर मुद्रित करून मागाहून दोहोंचा मेळ घालावयाचा, ही पद्धत बोलपटाइतकीच जुनी आहे. चित्रफितीच्या कडेची भोके ही ह्या मेळाची पहिली सोय होय. ध्वनीची व चित्राची अशा दोन्ही फिती सच्छिद्र असल्या आणि एकाच आसावरील दातेरी चाकांत गुंतविल्या, म्हणजे एक पुढे जाऊन दुसरी मागे राहण्याचा संभव उरत नसे. पाव इंच रुंदीची चुंबकीय फीत प्रचारात आली तेव्हा ही सोय नाहीशी झाली. ह्या फितीला भोके नाहीत. ती रबरी रुळाखाली किंचित घसरते, ताणली जाते, आणि दोन यंत्रांवर ती अगदी सारख्या गतीने कधीच चालत नाही.

ह्यावर पहिला तोडगा निघाला तो पायलट टोनचा. कॅमेऱ्याच्या गतीशी निगडित असलेला ५० किंवा ६० हर्ट्झचा एक स्वर ध्वनिफितीवर गुप्तपणे मुद्रित करावयाचा आणि फीत पुन्हा वाजविताना त्या स्वराच्या अनुरोधाने तिची गती नियंत्रित करावयाची, अशी ही योजना होती. तिने गतीचा प्रश्न सुटला. परंतु फितीवरील अमुक क्षण चित्रातील कोणत्या क्षणाशी जुळतो, हे तिच्यावरून कळत नसे. त्यासाठी क्लॅपच्या पाटीचा आवाजच शोधावा लागे. तालाच्या परिभाषेत बोलावयाचे तर लय हाती आली, पण सम सापडली नाही.

गती आणि स्थान हे दोन प्रश्न मुळात भिन्न आहेत, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावी. पुढील सर्व विवेचन ह्या भेदावर उभे आहे. किंबहुना ह्या विषयात जो गोंधळ नेहमी आढळतो, त्याचे मूळ हा भेद विसरण्यातच आहे.

स्थानाच्या प्रश्नाचे उत्तर १९६७ साली मिळाले. कॅलिफोर्नियातील इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंग कंपनीने चित्राच्या प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशा चार अंकांचा पत्ता देणारा संकेत सिद्ध केला. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील सोसायटी ऑफ मोशन पिक्चर अँड टेलिव्हिजन इंजिनिअर्स ह्या संस्थेने व युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने त्याला प्रमाणरूप दिले. तोच टाइमकोड होय. चुंबकीय फीत आता बहुतेक ध्वनिमुद्रणगृहांतून गेली, तथापि तिच्यासाठी निर्माण झालेला हा संकेत कॅमेऱ्यांत, क्षेत्रीय ध्वनिमुद्रकांत, रंगमंचावरील प्रकाशयोजनेत आणि संगीत-सॉफ्टवेअरमध्ये टिकून आहे. सॉफ्टवेअर हा संकेत कसे वाचते, वाचल्यावर त्याचा उपयोग कसा करते, आणि त्यापासून किती अचूकतेची अपेक्षा ठेवावी, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. तिसरा मुद्दा संगीताच्या अभ्यासकांस विशेष महत्त्वाचा वाटेल. कारण गायक व साथीदार ह्यांच्यातील काही मिलिसेकंदांच्या अंतरावर जे निष्कर्ष उभारले जातात, त्यांची विश्वसनीयता ह्याच प्रश्नावर अवलंबून असते.

२. संकेताची रचना

टाइमकोडचे जे रूप ध्वनीच्या तारेतून वाहते, त्यास रेखीय टाइमकोड म्हणतात. तो ऐकावयास कर्कश, अखंड गुरगुरण्यासारखा वाटतो, कारण तो खरोखरीच श्राव्य वारंवारतेचा संकेत आहे. प्रत्येक फ्रेमसाठी त्यात ८० बिट असतात. त्यांची वाटणी अशी : कालाचे अंक २६ बिट, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या माहितीसाठी राखलेले ३२ बिट, निरनिराळ्या खुणांचे ६ बिट आणि फ्रेमची समाप्ती दर्शविणारा १६ बिटांचा समकालन-शब्द. हे अंक दशमान पद्धतीने, म्हणजे एकक व दशक वेगवेगळे, लिहिलेले असतात आणि प्रत्येक अंकाचा लघुतम बिट प्रथम येतो. उदाहरणार्थ, ४५ व्या सेकंदातील १२ वी फ्रेम असेल, तर फ्रेमचा एकक २ हा ०१०० असा व दशक १ हा १० असा येईल. सेकंदाचा एकक ५ हा १०१० असा व दशक ४ हा ००१ असा येईल.

बिट लिहिण्याची पद्धत मोठी मार्मिक आहे. प्रत्येक बिटाच्या आरंभी संकेताची दिशा पालटते : तो वर असल्यास खाली येतो, खाली असल्यास वर जातो. बिट १ असल्यास मध्यावर आणखी एकदा पालट होतो. ० असल्यास होत नाही. ह्या योजनेपासून तीन लाभ होतात. पहिला असा की, प्रत्येक बिटाच्या सीमेवर पालट निश्चित असल्यामुळे वाचणाऱ्याला निराळ्या घड्याळाची गरज नाही; संकेत आपले घड्याळ आपल्याबरोबर घेऊन येतो. दुसरा असा की, अर्थ पालटांच्या अंतरात आहे, त्यांच्या दिशेत नाही; म्हणून तारेची दोन टोके उलटी जोडली गेली तरी वाचनात फरक पडत नाही. तिसरा असा की, संकेतात स्थिर दाब साचत नाही, त्यामुळे तो साध्या ध्वनिमार्गातून, फितीवरून व रोहित्रातून सुखरूप जातो. सेकंदास २५ फ्रेम असतील तर सेकंदास २००० बिट होतात. म्हणजे केवळ शून्यांची मालिका १००० हर्ट्झचा व केवळ एकांची मालिका २००० हर्ट्झचा चौरस तरंग होय.

समकालन-शब्द ००११ ११११ ११११ ११०१ असा आहे. त्यात सलग बारा वेळा १ येतो. कालाच्या व राखीव बिटांच्या कोणत्याही संभवनीय रचनेत अशी बाराची सलग रांग येऊ शकत नाही. म्हणून ती दिसताच फ्रेमची सीमा नि:संशय ओळखता येते. रांगेच्या एका बाजूस ०० व दुसऱ्या बाजूस ०१ आहे, हे अनवधानाने झालेले नाही. फीत सरळ चालत असेल तर बारा एकांनंतर ०१ वाचले जाते. उलट चालत असेल तर ०० वाचले जाते. अशा रीतीने केवळ दोन बिटांवरून दिशा कळते.

ह्या रूपाची एक उणीव सांगितली पाहिजे. फीत थांबली की पालट थांबतात आणि संकेतही नाहीसा होतो. स्थिर चित्राचा पत्ता वाचता यावा म्हणून दूरचित्रवाणीच्या चित्रसंकेतातील न दिसणाऱ्या रेषांत टाइमकोड लिहिण्याची दुसरी पद्धत निघाली; तथापि संगीत-सॉफ्टवेअरशी तिचा प्रत्यक्ष संबंध अल्प असल्याने तिचा केवळ उल्लेख करून पुढे जाऊ.

३. वाचनाची क्रिया

रेखीय टाइमकोड संगणकात येतो तो इतर कोणत्याही ध्वनीप्रमाणेच, म्हणजे ध्वनी-इंटरफेसच्या एका इनपुटमधून. सॉफ्टवेअरच्या हाती पडते ती केवळ नमुन्यांची माला. सेकंदास ४८,००० नमुने घेतले तर प्रमुख फ्रेमदरांसाठी पुढील आकडे मिळतात.

२४ फ्रेम : प्रतिफ्रेम २००० नमुने, प्रतिबिट २५ नमुने.
२५ फ्रेम : प्रतिफ्रेम १९२० नमुने, प्रतिबिट २४ नमुने.
२९.९७ फ्रेम : प्रतिफ्रेम १६०१.६ नमुने, प्रतिबिट सुमारे २०.०२ नमुने.
३० फ्रेम : प्रतिफ्रेम १६०० नमुने, प्रतिबिट २० नमुने.

२५ फ्रेमांचे उदाहरण घेऊ. संकेत शून्यरेषा ओलांडतो ते क्षण सॉफ्टवेअर टिपते आणि लागोपाठच्या दोन क्षणांतील अंतर मोजते. अंतर २४ नमुन्यांच्या आसपास असेल तर बिट ० होय. १२ च्या आसपासची दोन अंतरे लागोपाठ आली तर बिट १ होय. मधला उंबरठा १८ नमुन्यांचा धरावा. परंतु फीत हळू वा जलद चालविली, किंवा पाठविणाऱ्या यंत्राचे घड्याळ थोडे निराळे असले, तर २४ हा आकडा स्थिर राहात नाही. म्हणून चांगली वाचनप्रणाली हा उंबरठा कायमचा ठरवीत नाही. नुकत्याच वाचलेल्या बिटांच्या लांबीची सरासरी ती सतत काढीत राहते आणि तिच्या तीन-चतुर्थांशावर उंबरठा ठेवते.

अशा रीतीने वाचलेले बिट ८० च्या रांगेत भरत जातात, आणि शेवटचे १६ बिट समकालन-शब्दाशी जुळले की मागील ६४ बिटांतून काल उकलला जातो. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवावयास पाहिजे. फ्रेमचा पत्ता पूर्ण वाचून होतो त्या वेळी ती फ्रेम संपलेली असते. म्हणून सॉफ्टवेअरने वाचलेल्या पत्त्यात एक फ्रेम मिळवून 'आता'चा पत्ता काढावा लागतो. ह्याखेरीज इंटरफेसमधून नमुने गठ्ठ्यागठ्ठ्याने येतात, त्याचा विलंब निराळाच. १०२४ नमुन्यांचा गठ्ठा असेल तर हा विलंब २१ मिलिसेकंदांहून अधिक, म्हणजे २५ च्या दराने अर्ध्या फ्रेमहून अधिक होतो. रूपांतरकाचा व गठ्ठ्याचा विलंब हिशेबात घेऊन वजा करणे हे सॉफ्टवेअरचे कर्तव्य आहे. परंतु इंटरफेसने आपला विलंब खरा सांगितला असेल तरच ते पार पडते.

व्यवहारात वाचन बिघडते ते बहुधा गणितामुळे नव्हे, तर संकेताच्या हेळसांडीमुळे. चोवीस मार्गांच्या फितीवर टाइमकोड शेवटच्या मार्गावर मध्यम पातळीने मुद्रित करावा व शेजारचा मार्ग मोकळा ठेवावा असा रिवाज होता, कारण त्याची गुरगुर शेजारी झिरपते. सॉफ्टवेअरमध्ये झिरपण्याचे भय पुष्कळ कमी झाले, पण दुसरी भये निर्माण झाली. टाइमकोडच्या मार्गावर गोंगाटनिवारण वा अन्य संस्कार चालू राहिले, किंवा ती ध्वनिफाइल कानाच्या सोयीसाठी बनविलेल्या संक्षेपपद्धतीने साठविली, तर पालटांच्या कडा झिजतात आणि वाचन अडखळते. हा संकेत कानासाठी नाही. त्याला कोणताही संस्कार लागू करू नये, हा नियम निरपवाद समजावा.

४. फ्रेमदराचे गणित

फ्रेमदर चार असण्याचे कारण ऐतिहासिक आहे. चित्रपट २४ चा. ५० हर्ट्झ वीजपुरवठ्याच्या देशांतील, म्हणून भारतातीलही, दूरचित्रवाणी २५ ची. आणि अमेरिकेतील कृष्णधवल दूरचित्रवाणी ३० ची. अमेरिकेत १९५३ साली रंगीत चित्राची पद्धत स्वीकारली गेली तेव्हा रंगाची उपवाहक वारंवारता व ध्वनीची वाहक वारंवारता ह्यांच्या संयोगाने चित्रावर उमटणारी जाळी टाळण्यासाठी ३० हा दर १००१ भागांस १००० ह्या प्रमाणात घटविला गेला. त्यामुळे तो सुमारे २९.९७ झाला.

ह्या एका हजारांशाने पुढील पिढ्यांना पुष्कळ त्रास दिला. फ्रेम मोजताना सेकंदास ३० असेच मोजले, तर खऱ्या एका तासात १,०८,००० ऐवजी सुमारे १,०७,८९२ फ्रेमच होतात. टाइमकोडचे घड्याळ तासाला १०८ फ्रेम, म्हणजे ३.६ सेकंद मागे पडते. ह्यावर उपाय म्हणून 'ड्रॉप-फ्रेम' गणना निघाली. प्रत्येक मिनिटाच्या आरंभीचे ०० व ०१ हे दोन फ्रेम-क्रमांक गाळावयाचे. मात्र दहाने भाग जाणाऱ्या मिनिटांत गाळावयाचे नाहीत. ००:००:५९:२९ नंतर ००:०१:००:०२ येते. परंतु ००:०९:५९:२९ नंतर ००:१०:००:०० येते. तासात अशी ५४ मिनिटे; प्रत्येकी दोन क्रमांक; एकूण १०८. हिशेब जवळजवळ पुरा होतो. दिवसाकाठी अडीच फ्रेमांहून किंचित अधिक चूक उरते.

नावामुळे असा समज होतो की, येथे चित्रातील फ्रेम गाळल्या जातात. तसे मुळीच नाही. पंचांगात क्षयतिथी येते तेव्हा तिथीचा क्रमांक गाळला जातो, दिवस नाहीसा होत नाही. तसेच हे आहे. गळतात ते आकडे. चित्र व ध्वनी अखंड असतात.

फ्रेमदर चुकीचा निवडला तर काय होते? चूक दोन प्रकारची असू शकते. केवळ गणनेची चूक झाली, तर स्थान हळूहळू घसरत जाते. गतीचीच चूक झाली, तर स्वरही बदलतो. २९.९७ व ३० मधील फरक सुमारे १.७ सेंटचा, म्हणजे कानास अग्राह्य आहे. परंतु २४ चा चित्रपट २५ ने चालविला तर स्वर सुमारे ७१ सेंटने, म्हणजे अर्धस्वराच्या जवळजवळ पाऊण हिश्श्याने चढतो. पाल पद्धतीच्या दूरचित्रवाणीवर चित्रपट दाखविताना अनेक देशांत हेच होत असे. अशा मुद्रणावरून एखाद्या गायकाची पट्टी ठरविणाऱ्या अभ्यासकाने प्रथम ते कोणत्या दराने रूपांतरित झाले होते ह्याची चौकशी करणे अगत्याचे आहे.

५. मिडी टाइमकोड

सर्वच संगीत-सॉफ्टवेअर रेखीय टाइमकोड स्वतः वाचीत नाही. रीपर व आर्डोर ही तो ध्वनी-इनपुटमधून थेट वाचू शकतात. अन्य अनेकांना तो एखाद्या रूपांतरक यंत्राकडून मिडी टाइमकोडच्या रूपाने पुरवावा लागतो. मिडी ही १९८३ सालची वाद्यसंदेशाची पद्धत. तिच्या तारेतून सेकंदास ३१,२५० बिट वाहतात. प्रत्येक फ्रेमला पूर्ण पत्ता पाठविला तर ही तार फार व्यापली जाईल, म्हणून पत्त्याचे आठ तुकडे करून फ्रेमच्या प्रत्येक चतुर्थांशास एक तुकडा पाठवितात. तुकड्यात दोन बाइट असतात : पहिला संदेशाची जात सांगतो, दुसऱ्यात तुकड्याचा क्रमांक आणि पत्त्याचा अंश असतो. २५ फ्रेमांच्या दराने सेकंदास १०० तुकडे, म्हणजे २०० बाइट. तारेच्या क्षमतेचा हा ६.४ टक्के हिस्सा होय. तुकडे ० ते ७ अशा चढत्या क्रमाने आले तर गती सरळ, उतरत्या क्रमाने आले तर उलट.

आठ तुकड्यांना दोन फ्रेमांचा अवधी लागतो. म्हणून पूर्ण पत्ता हाती येतो तो दोन फ्रेम जुना असतो, आणि सॉफ्टवेअरला त्यात दोन फ्रेम मिळवाव्या लागतात. आणखी एक मर्यादा अधिक गंभीर आहे. फ्रेमदर दर्शविण्यासाठी येथे केवळ दोन बिट आहेत. त्यांत २४, २५, ३० ड्रॉप आणि ३० नॉन-ड्रॉप एवढेच चार पर्याय मावतात. २९.९७ नॉन-ड्रॉप आणि खरा ३० ह्यांतील भेद मिडी टाइमकोड सांगू शकत नाही. तो वापरणाऱ्याने सॉफ्टवेअरला आपण होऊन सांगावा लागतो. न सांगितल्यास तासास ३.६ सेकंदांची घसरण होते आणि दोन्ही यंत्रांच्या पडद्यांवर सर्व काही ठीक असल्याचे दिसत राहते.

मिडी घड्याळ नावाची जी दुसरी पद्धत आहे, तिच्याशी ह्याची गल्लत करू नये. मिडी घड्याळ पाव-स्वराच्या मात्रेस २४ ठोके पाठविते. म्हणजे ते लयसापेक्ष आहे, लय वाढली की ठोकेही जलद होतात. टाइमकोडला लयीची गंधवार्ताही नसते. तो भिंतीवरील घड्याळाप्रमाणे चालतो. टाइमकोडच्या अमुक क्षणी कोणते आवर्तन व कोणती मात्रा आहे, हे सॉफ्टवेअरमधील लयीच्या नकाशावरूनच ठरते. तो नकाशा बदलला तर टाइमकोड तोच राहूनही संगीत जागचे हलते.

६. समकालनाचे प्रकार

पत्ता कळल्यावर सॉफ्टवेअरने काय करावयाचे? पहिला मार्ग असा की, पत्त्यावरून एकदा आपले स्थान निश्चित करावयाचे व त्यानंतर स्वतःच्या घड्याळाने चालावयाचे. दुसरा असा की, येणाऱ्या प्रत्येक पत्त्याशी आपले स्थान ताडून गती सतत कमीजास्त करावयाची. प्रथमदर्शनी दुसरा मार्ग अधिक निर्दोष वाटतो. परंतु संगीतात तो घातक ठरू शकतो.

ह्याचे कारण पाहू. मिडीचे तुकडे २५ च्या दराने दर १० मिलिसेकंदांनी येणे अपेक्षित आहे. ते यूएसबीमार्गे आले तर एक मिलिसेकंदाने पुढेमागे होणे अगदी स्वाभाविक आहे. हे अंतर जसेच्या तसे गती मानले तर गतीत दहा टक्क्यांची, स्वरात दीड अर्धस्वराहून अधिक चंचलता येईल. रंगमंचावरील दिव्याला अशी थरथर भोवत नाही. तंबोऱ्याच्या अखंड स्वराला मात्र भोवते. म्हणून सॉफ्टवेअर येणाऱ्या पत्त्यांवर सरळ विश्वास न ठेवता त्यांवरून एक अंदाज बांधते. पुढील तुकडा केव्हा यावा ह्याचे भाकीत करावयाचे; प्रत्यक्षात तो आला त्या क्षणाशी तुलना करून फरक काढावयाचा; त्या फरकाचा एक अल्प अंश पुढील भाकिताच्या वेळेत व त्याहूनही अल्प अंश अपेक्षित अंतरात मिळवावयाचा. हे अंश लहान ठेवले तर चाल स्थिर राहते, पण मेळ बसावयास वेळ लागतो. मोठे ठेवले तर मेळ त्वरित बसतो, पण थरथर स्वरात उतरते. ह्या दोहोंतील निवड हीच समकालनाची खरी कला होय.

तथापि गतीचा प्रश्न पत्त्यांवरून सोडवू पाहणे हेच मुळात आडवळण आहे. गतीसाठी स्वतंत्र संकेत उपलब्ध आहे. त्यास वर्ड क्लॉक म्हणतात. प्रत्येक नमुन्यास एक स्पंद, एवढेच त्याचे स्वरूप. दोन यंत्रे एकाच वर्ड क्लॉकवर चालली तर त्यांचे नमुने एकास एक जुळतात. मग टाइमकोडने आरंभी एकदा स्थान दाखविले की पुढे घसरण्याचा संभव नाही. जाळ्यावरून ध्वनी वाहून नेण्याच्या २०१३ सालच्या एईएस-६७ ह्या प्रमाणात हेच कार्य जाळ्यातूनच वितरित होणाऱ्या सूक्ष्म घड्याळाकडे सोपविले आहे. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले : टाइमकोड हा पत्ता आहे, वर्ड क्लॉक ही नाडी आहे; पत्त्यावरून नाडीचे काम करून घेऊ नये.

फीत मधेच पुसट झाली किंवा तार क्षणभर सुटली, तर संकेत नाहीसा होतो. अशा वेळी सॉफ्टवेअरने किती फ्रेम स्वतःच्या जोरावर चालत राहावे, हे ठरविता येते. हा आकडा फार लहान ठेवल्यास किंचित व्यत्ययानेही संगीत थांबते. फार मोठा ठेवल्यास मुख्य यंत्र थांबल्यावरही सॉफ्टवेअर वाजत राहते. तसेच कार्यक्रमाचा आरंभ शून्य तासास न ठेवता ०१:००:००:०० किंवा १०:००:००:०० ह्या पत्त्यावर ठेवण्याचा जो प्रघात आहे, तो सहेतुक आहे. मेळ बसावा म्हणून मुख्य यंत्र काही सेकंद आधी सुरू करावे लागते. आरंभ शून्यावर ठेवला तर ते आधीचे सेकंद २३:५९ च्या घरात जातात आणि सॉफ्टवेअर जवळजवळ पूर्ण दिवस पुढे उडी मारू पाहते.

७. अचूकतेची मर्यादा

आता मूळ प्रश्नाकडे वळू : 'ही मुद्रणे टाइमकोडने जुळविलेली आहेत' ह्या विधानाचा अर्थ नेमका किती? २५ च्या दराने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. ओठ व शब्द ह्यांच्या मेळासाठी ही अचूकता पुरेशी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे ध्वनी सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेल्यावरच प्रेक्षकास विसंगती जाणवू लागते. परंतु संगीतातील सूक्ष्म कालमापनास ती सर्वथा अपुरी आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मैफलीत गायकाचा आवाज एका ध्वनिमुद्रकावर व तबला दुसऱ्यावर मुद्रित झाला. दोहोंना आरंभी एकाच टाइमकोडने जुळविले. नंतर प्रत्येक आपापल्या स्फटिकाच्या घड्याळाने चालला. एकाचे घड्याळ दशलक्षात २० भाग जलद व दुसऱ्याचे तितकेच मंद असणे मुळीच असंभाव्य नाही. अर्ध्या तासाने दोहोंत ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडेल. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची; म्हणजे जवळजवळ एक-सप्तमांश मात्रेचा फरक झाला. दोन्ही फाइलींवर योग्य टाइमकोड आहे, दोन्हींचा आरंभ जुळतो, आणि तरीही अभ्यासक असा निष्कर्ष काढील की, मैफल रंगत गेली तसतसा तबलजी समेच्या मागे राहू लागला. त्यातून शैलीविषयी, घराण्याविषयी, कदाचित त्या कलावंताच्या वार्धक्याविषयी सिद्धांत निघतील. आणि त्या सर्वांचे मूळ दोन स्फटिकांतील फरकात असेल. मृत कलावंताला ह्याचे उत्तर देता येणार नाही, ही गोष्ट येथे विसरता कामा नये.

फाइलीवरील कालाच्या शिक्क्याविषयीही सावधगिरी पाहिजे. ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारच्या फाइलीत आरंभकाल तास-मिनिटांत नसतो. मध्यरात्रीपासून किती नमुने झाले, ही संख्या त्यात असते. ती नमुनादराने भागली म्हणजे वेळ मिळते. ४८,०४८ नमुन्यांच्या दराने घेतलेली फाइल ४८,००० ची समजून वाचली, तर सकाळी दहा वाजताचा शिक्का ३६ सेकंदांनी पुढे सरकतो. तसेच फ्रेमचे उपविभाग सर्वत्र सारखे नाहीत. काही सॉफ्टवेअर फ्रेमचे ८० भाग करते, काही १०० करते. फ्रेमनंतरचा ४० हा आकडा एकाकडे अर्धी फ्रेम दर्शवितो, तर दुसऱ्याकडे दोन-पंचमांश.

ह्यावर उपाय अवघड नाही. शक्य असेल तेथे सर्व यंत्रांना एकच वर्ड क्लॉक द्यावे. ते शक्य नसेल तर एकाच उगमाचा रेखीय टाइमकोड प्रत्येक ध्वनिमुद्रकाच्या एका मार्गावर आरंभापासून अखेरपर्यंत मुद्रित करावा. असे केल्यास केवळ फ्रेमचा नव्हे, तर प्रत्येक बिटाच्या कडेचा, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदागणिक एक असा पुरावा दोन्ही फाइलींत राहतो. आरंभीच्या व अखेरच्या कडांमधील नमुने दोन्हींत मोजून त्यांचे गुणोत्तर काढले म्हणजे दोन घड्याळांतील फरक कळतो. त्या गुणोत्तराने एका फाइलीचे पुनर्नमुनन केले म्हणजे घसरण नाहीशी होते. उगमाचे घड्याळ स्वतः थोडे चुकीचे असले तरी ते दोन्हींस समान असल्याने परस्पर-अंतराच्या मोजणीत बाधा येत नाही. टाइमकोडचा हा उपयोग त्याच्या निर्मात्यांच्या मुख्य हेतूहून निराळा आहे. परंतु संशोधकाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे. टाइमकोड स्थान सांगतो. गती तो केवळ अप्रत्यक्षपणे सांगतो. तो वाचताना एक किंवा दोन फ्रेमांचा, शिवाय यंत्राचा विलंब भरून काढावा लागतो. फ्रेमदर, गणनेचा प्रकार व नमुनादर ह्या तीन गोष्टी संकेतावरून पूर्णपणे सिद्ध होत नाहीत. त्या माणसाने नोंदवाव्या लागतात.

म्हणून अनेक यंत्रांवरील मुद्रणांच्या आधारे कालमापनात्मक निष्कर्ष मांडणाऱ्या प्रत्येक प्रबंधात पुढील नोंद असणे इष्ट होय : फ्रेमदर कोणता होता व गणना ड्रॉप की नॉन-ड्रॉप, नमुनादर कोणता, यंत्रांना समान घड्याळ होते किंवा नाही, नसल्यास टाइमकोड केवळ आरंभी दिला की अखंड मुद्रित केला, आणि घसरण मोजली असल्यास ती किती आढळली. ही नोंद चार ओळींत मावते. तिच्या अभावी मिलिसेकंदांत दिलेला आकडा कितीही काटेकोर दिसला, तरी तो कलावंताच्या लयीविषयी बोलत आहे की यंत्राच्या स्फटिकाविषयी, हे वाचकास ठरविता येणार नाही.